लोणारच्या खाऱ्या पाण्याचा हिशेब

रिसोडकडील एका वाचकभगिनीचें पत्र आमच्यापुढें आहे. त्या लिहितात : “आमच्या घरीं लोणारच्या कमळजादेवीला फार मानतात. वर्षा-दोन वर्षांनीं सारें कुटुंब तिच्या दर्शनाला जातें. २०२० सालीं तेथील सरोवराचें पाणी गुलाबी झालें व तें पाण्यांतील क्षार वाढल्यामुळें झालें, असें त्या वेळीं वाचनांत आलें. तेव्हांपासून आमच्या घरांत दोन पक्ष पडले आहेत. मामंजी म्हणतात, देवीच्या तीर्थाला माणसानें हात लावूं नये. धाकटे भाऊजी म्हणतात, आज समुद्राचें पाणी गोडें करून लोक पितात, मग एवढ्याशा तळ्यांतलें मीठ कमी करणें काय अवघड आहे? आपण या वादाचा निकाल द्यावा.”

वाद घरांतला असला तरी प्रश्न लहान नाहीं. पृथ्वीवरील अनेक मोठ्या सरोवरांपुढें आज हाच प्रश्न उभा आहे, आणि त्याच्या उत्तरावर कोठें सबंध गांवांची उपजीविका तर कोठें पक्ष्यांचे थवे अवलंबून आहेत. यास्तव निकाल देण्यापूर्वीं हिशेब मांडणें बरें. मीठ आलें कोठून, तें जातें कोठें, आणि वाढलें म्हणजे नेमकें काय झालें, हें कळलें म्हणजे निकाल बहुधा आपला आपणच लागेल.

वाशीमहून रिसोडमार्गें पश्चिमेकडे गेलें म्हणजे जिल्ह्याची सीमा ओलांडल्यावर बुलढाणा जिल्ह्यांतील लोणार लागतें. सरकारी नकाशावर जिल्हे वेगळे असले तरी वाशीमकरांना लोणार परकें नाहीं. सोयरीक, बाजार आणि देवदर्शन या तिन्ही वाटांनीं तें जवळचेंच आहे. तेथील सरोवर म्हणजे काळ्या पाषाणांत घडविलेली एक अजस्र वाटी होय. या वाटीचें तोंड एका कांठापासून समोरच्या कांठापर्यंत सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. कांठावरून पाण्याशीं उतरावयाचें म्हणजे सव्वाशेंहून अधिक मीटर खालीं जावें लागतें. तळाशीं जें पाणी आहे त्याचा व्यास सुमारे १.२ किलोमीटर असला, तरी खोली मात्र थोड्या मीटरांचीच आहे. तात्पर्य, वाटी खोल पण आंतलें पाणी उथळ, अशी ही रचना आहे. हें एवढें लक्षांत ठेवावें. पुढील सर्व कथा या उथळपणावर उभी आहे.

ही वाटी कोणीं घडविली? पुराणकथा सांगते कीं, येथें लवणासुर नांवाचा दैत्य भूमीच्या पोटांत दडून राहत असे. विष्णूनें दैत्यसूदनाच्या रूपानें त्याचा वध केला, आणि त्याच्या देहाचें लवण या पाण्यांत उतरलें. गांवांतील दैत्यसूदनाचें प्राचीन मंदिर या कथेची आठवण जागती ठेवतें. १८२३ सालीं अलेक्झांडर नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यानें या स्थळाची नोंद केली, आणि त्यानंतर दीर्घकाळपर्यंत हें विझलेल्या ज्वालामुखीचें मुख असावें असा अनेकांचा तर्क होता. १९७३ सालीं भारतीय व अमेरिकन शास्त्रज्ञांनीं येथील खडकांच्या परीक्षेवरून, हा खड्डा आकाशांतून पडलेल्या अशनीच्या आघातानें झाला, असें सप्रमाण दाखविलें. आघात केव्हां झाला याविषयीं मात्र दोन मापनांचा मेळ बसत नाहीं. एका पद्धतीनें सुमारे ५२ हजार वर्षें निघतात, तर दुसरीनें सुमारे ५ लाख ७० हजार. कसेंही धरलें तरी मनुष्याच्या इतिहासाहून हें पाणी फार जुनें आहे.

आतां मिठाकडे वळूं. आमच्या गृहिणींना ही गोष्ट समजावून सांगण्याची फारशी गरज नाहीं, कारण ती चुलीवर रोज घडते. आमटी चवीला नेमकी उतरली असतांना ती शेगडीवर विसरून राहिली, तर अर्ध्या घटकेंत खारट होते. वस्तुतः तींत मिठाचा एक कणही कोणी टाकलेला नसतो. पाण्याची वाफ होऊन गेली, मीठ मात्र मागें राहिलें. दोन लिटर पाण्यांत २० ग्रॅम मीठ असेल तर लिटरास १० ग्रॅम पडतें. तेंच आटून एक लिटर राहिलें कीं लिटरास २० ग्रॅम होतें. खारटपणा दुप्पट झाला, मीठ तेवढेंच राहिलें. सरोवरांतील क्षार वाढले अशी वार्ता वाचली म्हणजे प्रथम हेंच विचारावें : मीठ वाढलें कीं पाणी कमी झालें?

आपल्या गांवांतील सामान्य तळीं वर्षानुवर्षें गोडीं राहतात, याचें कारण त्यांना सांडवा असतो. पावसाळ्यांत तळें भरतें, वाहून जातें, आणि जातांना उन्हाळ्यांत सांचलेले क्षार घेऊन जातें. घरांतील सांठवणाचें भांडें आपण वरचेवर रिकामें करून घासतों, तसें तें निसर्गाचें घासणें समजावें. लोणारच्या वाटीला सांडवा नाहीं. चारी बाजूंनीं उंच कांठ आहेत. आंत आलेल्या पाण्याला बाहेर पडण्याचा उघडा मार्ग आकाशाचाच, आणि त्या मार्गानें फक्त वाफ जाते. आलेलें मीठ आंतच राहतें. हजारों वर्षें हा व्यवहार चालला. जमेची बाजू सतत वाढती, खर्चाची जवळजवळ कोरी. तेव्हां पाणी खारें न होतें तरच नवल!

परंतु हें मीठ समुद्राच्या मिठासारखें नाहीं. समुद्रांत मुख्यतः आपलें खाण्याचें मीठ असतें. लोणारच्या पाण्यांत त्याबरोबर सोड्याचे क्षार विपुल आहेत. धुण्याचा सोडा आणि पापडखार यांच्याच कुळांतले हे क्षार होत. ते काळ्या पाषाणांतून येतात. पावसाचें पाणी हवेंतील व मातींतील कर्बवायु आपल्यांत विरघळवून किंचित् आंबट बनतें, आणि त्या सौम्य आंबटपणानें दगड हळूहळू झिजवितें. दगडांतील चुन्याचा व सोड्याचा अंश पाण्याबरोबर वाटींत उतरतो. पाणी आटूं लागलें म्हणजे चुन्याचा अंश आधीं खालीं बसतो. आंघोळीच्या बंबांत आंतून पांढरी खपली धरते ती याच जातीची. सोडा मात्र सहज बसत नाहीं. तो पाण्यांतच राहतो व दाट होत जातो. द्रवाचा आंबटपणा अथवा खारेपणा मोजण्याच्या मापास सामू म्हणतात. शुद्ध पाण्याचा सामू ७, समुद्राचा ८ च्या आसपास, आणि लोणारच्या पाण्याचा पूर्वींच्या नोंदींत १० च्या वर आढळतो. या मापांतील प्रत्येक पायरी दसपटीची असते, हें ध्यानांत घेतलें म्हणजे ८ आणि १० यांतील अंतर केवढें आहे तें कळेल. हातावर पाणी घेतलें तर साबणासारखें बुळबुळीत लागतें तें यामुळेंच.

एके काळीं या मिठाला बाहेर जाण्याची एक वाट होती. ती माणसानें काढलेली होती. उन्हाळ्यांत पाणी उतरलें म्हणजे कांठावर व तळाशीं क्षारांचे थर उघडे पडत. लोक ते गोळा करीत. त्यांच्या जातीही ठरलेल्या होत्या. डल्ला, खप्पल, पापडी, भुस्की अशीं नांवें जुन्या लेखांत आढळतात. अकबराच्या काळच्या ‘आइन-इ-अकबरी’ ग्रंथांतही लोणारचा उल्लेख आहे. या डोंगरांत कांच व साबण करण्याचें साहित्य मिळतें आणि त्यावरील करानें सरकारास चांगलें उत्पन्न होतें, अशा अर्थाची नोंद तेथें केलेली आहे. तात्पर्य, जें मीठ आज आपण तक्रारीचा विषय करूं पाहतों, तेंच कित्येक शतकें या प्रदेशाची मिळकत होतें. कारखान्यांतला सोडा स्वस्त झाला आणि हा धंदा मावळला.

आतां २०२० सालच्या गुलाबी पाण्याचा प्रकार पाहूं. त्या वर्षींच्या जून महिन्यांत हिरवट दिसणारें सरोवर कांहीं दिवसांत गुलाबी झालें. पाहणाऱ्यांची गर्दी झाली व तर्कांचीही. वनखात्यानें पाण्याचे नमुने पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडे व नागपूरच्या नीरी संस्थेकडे पाठविले. परीक्षेंत असें दिसून आलें कीं, हा रंग हॅलोआर्किया नांवाच्या अत्यंत सूक्ष्म जीवांचा आहे. या जीवांना मीठ जितकें दाट तितकें मानवतें, आणि त्यांच्या अंगीं गुलाबी रंगद्रव्य असतें. उन्हाळ्याच्या तापानें पाणी उतरलें, खारेपणा व सामू चढला, आणि या जीवांना सुगीचे दिवस आले. नमुन्याचें पाणी स्थिर ठेवलें असतां गुलाबी अंश तळाशीं बसला व वरचें पाणी स्वच्छ झालें. पुढें पावसाळा आला, नवें पाणी मिळालें आणि सरोवराचा रंगही ओसरला. मीठ कमी करण्याचा जो उपाय भाऊजी शोधीत आहेत, तो निसर्गानें त्याच वर्षीं आपल्या डोळ्यांदेखत करून दाखविला. मिठाला त्यानें हात लावला नाहीं. त्यानें पाणी वाढविलें.

समुद्राचें पाणी गोडें करण्याचें यंत्र येथें कां चालणार नाहीं, याचाही थोडा विचार करूं. असें यंत्र मिठाचा नाश करीत नाहीं. तें पाण्याचे दोन वांटे करितें, एक गोडा व दुसरा पहिल्याहून दाट खारा. समुद्राकाठीं हा दुसरा वांटा पुन्हां समुद्रांत सोडतात. लोणारच्या वाटींत तो सोडावयाचा कोठें? सरोवरांतच सोडला तर केलें कार्य व्यर्थ. कांठावर चढवून बाहेर टाकला तर भोंवतालच्या विहिरी व शेतें बाधणार. शिवाय प्रमाण पाहा. १.२ किलोमीटर व्यासाच्या पाण्यावरील एक मिलिमीटर जाडीचा थर म्हणजे सुमारे ११ लाख लिटर पाणी होतें. विदर्भाच्या उन्हाळ्यांत ऊन आणि वारा मिळून असे कित्येक थर एका दिवसांत उचलून नेतात. सूर्य रोज एवढें पाणी नेत असतां आपलें यंत्र त्याच्याशीं कोणत्या बळावर स्पर्धा करणार?

जगांतील इतर सरोवरांचा अनुभवही हेंच सांगतो. मध्य आशियांतील अरल समुद्र हें एके काळीं पृथ्वीवरील चौथ्या क्रमांकाचें सरोवर होतें. अमूदर्या व सीरदर्या या दोन नद्या त्याला पाणी पुरवीत. १९६० नंतर सोव्हिएत सरकारनें कापसाच्या शेतीसाठीं त्या नद्यांचें पाणी वळविलें. सरोवर आटत गेलें. पूर्वीं लिटरास सुमारे १० ग्रॅम असलेलें मीठ दक्षिण भागांत १०० ग्रॅमच्याही वर गेलें. मासे मेले, कोळ्यांच्या नावा वाळवंटांत उभ्या राहिल्या, आणि उघड्या पडलेल्या तळाची खारी धूळ वाऱ्याबरोबर गांवांवर व शेतांवर पसरूं लागली. कापूस पिकविणाऱ्या आमच्या वऱ्हाडानें ही कथा विशेष लक्ष देऊन वाचावी. पुढें कझाकस्ताननें जागतिक बँकेच्या साह्यानें उत्तरेकडील लहान भाग वेगळा करणारा सुमारे १३ किलोमीटर लांबीचा बांध घातला. तो २००५ सालीं पुरा झाला. सीरदर्येचें पाणी त्या भागांतच राहूं लागलें. पातळी चढली, खारेपणा उतरला, मासे परतले व त्यांच्यामागून कोळीही परतले. दक्षिण भागाला मात्र हें भाग्य लाभलें नाहीं. बुडणाऱ्या घरांतील एक खोली वांचवावी तसा हा प्रकार झाला.

लोणारशीं अधिक जवळचें नातें सांगणारें सरोवर अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतांत आहे. त्याचें नांव मोनो. त्यालाही सांडवा नाहीं, त्याचेंही पाणी सोड्याचें आणि त्याचाही सामू १० च्या जवळ. १९४१ पासून लॉस एंजेलिस शहरानें त्याला मिळणारे डोंगरी ओढे आपल्या नळांकडे वळविले. चाळीस वर्षांत पाणी सुमारे ४५ फूट उतरलें आणि खारेपणा सुमारे दुप्पट झाला. तेथें कोणी मीठ उपसावयास गेलें नाहीं. लोक न्यायालयांत गेले. १९८३ सालीं कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला कीं, अशीं जलाशयें ही सर्व जनतेची ठेव आहे, आणि पाणी उचलण्याचा परवाना देणाऱ्या सरकारला त्या ठेवीचा विचार करावाच लागेल. १९९४ सालीं शहरानें किती पाणी घ्यावें यावर बंधन घालण्यांत आलें व सरोवराची पातळी समुद्रसपाटीपासून ६,३९२ फुटांपर्यंत चढवावी असें ठरलें. ती पातळी अद्याप गांठलेली नाहीं. घेतलेलें पाणी परत देणें हें घेण्यापेक्षां किती मंद काम आहे, याचा हा पुरावा होय.

आतां निकाल. वरील दोन्ही ठिकाणीं खारेपणाचा रोग मनुष्यानें लावला होता. पाणी तोडलें गेलें म्हणून मीठ चढलें. त्यामुळें पाणी परत सोडणें हेंच तेथें औषध. लोणारची गोष्ट वेगळी आहे. येथें खारेपणा हा रोग नव्हे, ती सरोवराची प्रकृति आहे. त्या पाण्यांत वाढणारें हिरवें शेवाळ, त्यांतील सूक्ष्म जीव, तेथें उतरणारे पक्षी हे सर्व त्या खारेपणावर पोसलेले आहेत. अशा दाट सोड्यांत तग धरणारे जंतु जीं पाचक द्रव्यें निर्माण करितात, तशींच द्रव्यें आज आपल्या घरांतील धुण्याच्या चूर्णांत घातलेलीं असतात. संशोधक या पाण्याकडे पुन्हां पुन्हां वळतात त्याचें हेंही एक कारण. एखाद्या वर्षीं कडक उन्हाळ्यानें मीठ दाट होणें आणि पावसाळ्यानें पातळ होणें हा या सरोवराचा श्वासोच्छ्वास आहे. तो थांबविण्याचें कारण नाहीं. तेव्हां मीठ उपसूं नये हें मामंजींचें म्हणणें खरें. मात्र माणसानें हात लावूं नये एवढ्यावर थांबतां येत नाहीं, कारण माणसाचा हात तेथें केव्हांच लागलेला आहे.

तो कसा, हें कमळजादेवीच्या दारींच कळतें. मंदिराजवळ सरोवराच्या कांठाशीं जी विहीर आहे तिला सासू-सुनेची विहीर म्हणतात. तिच्या एका बाजूचें पाणी गोडें आणि दुसऱ्या बाजूचें खारें, अशी तिची ख्याति आहे. कोणती बाजू कोणाची, याचा निवाडा घरोघर वेगळा होत असल्यामुळें आम्ही त्यांत पडत नाहीं! पण विहिरीचें मर्म सरळ आहे. डोंगराच्या उतारांतून गोड्या पाण्याचे झरे येतात आणि सरोवराकडून खारें पाणी भिडतें. दोघांची गांठ त्या विहिरींत पडते. सबंध सरोवर म्हणजे अशीच एक मोठी सासू-सुनेची विहीर आहे. गायमुखाची बारमाही धार, रामगया, सीतान्हाणी यांसारखे झरे गोडें पाणी आणतात. ऊन तें नेतें. दोन्ही बाजू आपापल्या जागीं राहिल्या तर संसार सुरळीत चालतो. एकीनें दुसरीला गिळलें कीं तो बिघडतो.

बिघाड दोन्हींकडून होऊं शकतो. कांठावरच्या पठारावर विहिरी व बोअर वाढले, उपसा वाढला, तर झरे क्षीण होतील आणि सरोवर आटून अधिक खारें होईल. उलट, वर पाणी मुरविण्याचे तलाव झाले, भोंवतालच्या शेतांना बाहेरून आणलेलें पाणी मिळूं लागलें, गांवाचें सांडपाणी उतारावरून आंत आलें, तर सरोवर भरून फिकें पडेल. २०२० नंतरच्या वर्षांत ही दुसरी बाजूच अधिक दिसूं लागली. पाणी चढत चढत देवीच्या मंदिरापर्यंत पोंचलें. वाचकांस वाटेल, पाणी वाढलें, खारेपणा उतरला, यांत वाईट काय? वाईट हें कीं, सांडपाण्याबरोबर साबण, मैला व सडके पदार्थ येतात आणि शेतांतून खतांचा अंश येतो. तो आंत आला म्हणजे मिठाप्रमाणेंच आंत राहतो, कारण वाटीला सांडवा नाहीं. ज्या जीवांनीं हजारों वर्षांत हें विचित्र घर आपलेंसें केलें, त्यांच्या जागीं कोठल्याही डबक्यांत आढळणारे जीव येऊन बसतात. सोड्याच्या दाट पाण्यांत मासा जगत नाहीं. म्हणून अशा सरोवरांत मासा दिसूं लागला, तर ती आनंदाची नव्हे, काळजीची वार्ता समजावी.

सरकारनें या स्थळाचें महत्त्व ओळखलें नाहीं असें नाहीं. २००० सालीं येथें अभयारण्य झालें. २०२० सालीं रामसर कराराखालीं जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादींत लोणारचें नांव दाखल झालें. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेंही या सरोवराच्या प्रश्नांत वेळोवेळीं लक्ष घातलें आहे. विवरांत माजलेली वेडी बाभूळ काढण्याचें कामही हातीं घेण्यांत आलें. परंतु नांव यादींत चढल्यानें पाण्याचा हिशेब आपोआप जुळत नाहीं. तो रोजच्या रोज जुळवावा लागतो.

तो जुळविण्याच्या गोष्टी फार नाहींत व गूढही नाहींत. पहिली, पातळी मोजण्याची खूण व पावसाचें माप नियमानें टिपलें जावें आणि दर महिन्याला पाण्याचा खारेपणा व सामू तपासून तो आंकडा गांवांत सर्वांना दिसेल असा लावला जावा. घरांत दुधाचा व वाण्याचा हिशेब भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहिलेला असतो, तितका तो उघडा असावा. दहा वर्षांचे असे आंकडे हातीं असले म्हणजे एका उन्हाळ्याच्या गुलाबी रंगानें कोणी घाबरणार नाहीं, आणि सावकाश होणारा खरा बिघाडही नजरेंतून सुटणार नाहीं. दुसरी, गांवाचें सांडपाणी शुद्ध करून वाटीच्या बाहेरच्या बाजूस वळवावें. शुद्ध केलेलें पाणीदेखील आंत सोडूं नये, कारण त्यामुळें प्रमाण बिघडतें. तिसरी, झऱ्यांच्या वरच्या अंगाला नवे बोअर घेण्यापूर्वीं व नवे तलाव बांधण्यापूर्वीं त्यांचा परिणाम तज्ज्ञांकडून मोजून घ्यावा. चौथी, सरोवराकडे उतरत्या शेतांत खत जपून वापरावें व बांधांवर गवत राखावें, म्हणजे माती आणि खत वाहून आंत येणार नाहीं.

पांचवी गोष्ट आपणां यात्रेकरूंची आहे. धारेखालीं स्नान करणारांनीं साबण लावूं नये, कपडे धुऊं नयेत. देवीला वाहिलेलें निर्माल्य, तेलाचे दिवे, नारळाच्या शेंड्या, प्लॅस्टिकच्या पिशव्या पाण्यांत टाकूं नयेत. नवरात्रांत देवीच्या दर्शनाला हजारों कुटुंबें येतात. एका कुटुंबाचा एक साबणाचा तुकडा क्षुल्लक खरा, पण सांडवा नसलेल्या घरांत कांहींच क्षुल्लक नसतें. तेथें जें टाकलें तें राहिलें.

हा नियम लोणारपुरताच नाहीं. वाशीमच्या पठाराखालीं, पूर्णेच्या खोऱ्यांत अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांतला खारपाणपट्टा पसरलेला आहे. तेथील लोक पिढ्यान् पिढ्या विहिरीच्या खाऱ्या पाण्याशीं झगडत आहेत. पठारावर तशी अवस्था नाहीं. तथापि निचरा नसलेल्या काळ्या जमिनींत बोअरचें क्षारयुक्त पाणी वर्षानुवर्षें पाजलें, तर शेतांतही लोणारचीच क्रिया चालते. पाणी उडून जातें, क्षार मातींत राहतात, आणि एक दिवस जमिनीवर पांढरी झांक दिसूं लागते. म्हणून बोअरचें पाणी लावणारानें तें एकदां तपासून घ्यावें, शेताचे चर मोकळे ठेवावे, आणि पावसाचें पाणी जमिनींतून निथळून जाईल अशी व्यवस्था करावी.

पुढच्या वेळीं कमळजेच्या दर्शनाला जाल तेव्हां मुलांना बरोबर घ्या. वाटीच्या कांठावर क्षणभर थांबून त्यांना विचारा, येथें पाणी कोठून येतें आणि कोठें जातें? मग खालीं उतरून धारेचें पाणी व सरोवराचें पाणी वेगवेगळ्या ओंजळींत धरून त्यांना दाखवा. एक हातांतून सहज निसटतें, दुसरें बोटांवर रेंगाळतें. तेवढ्या स्पर्शानें हा सारा हिशेब त्यांच्या ध्यानांत राहील, आणि लोणारची राखण करण्याचें काम उद्यां त्यांच्याचकडे जाणार आहे.